मिझोराम बंदीने नव्हे, बोलणी करून जोडला गेला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

भाषा, जमात किंवा वंश यांच्या नावाने चालणाऱ्या सर्व संघटनांवर सरसकट बंदी घालावी, त्याशिवाय देश एकसंध राहणार नाही, अशा आशयाची काही पत्रे अलीकडे आपल्या सदरात वाचली. पत्रलेखकांच्या देशप्रेमाबद्दल मला शंका नाही. परंतु त्यांनी सुचवलेला उपाय या देशात एकदा करून झालेला आहे. त्याची किंमत मिझोरामने वीस वर्षे मोजली, आणि म्हणूनच हे पत्र लिहावेसे वाटले.

आजचा मिझोराम तेव्हा आसामचा एक डोंगरी जिल्हा होता. तिथल्या बांबूच्या एका जातीला सुमारे ४८ वर्षांतून एकदा, सगळीकडे साधारण एकाच सुमारास फुलोरा येतो. त्याच्या बियांवर उंदीर पोसतात, त्यांची बेसुमार पैदास होते, आणि बी संपले की हे उंदीर झूम शेतीतल्या (डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीतल्या) उभ्या भातावर आणि घरातल्या कणग्यांवर तुटून पडतात. मिझो लोक या अरिष्टाला 'मौताम' म्हणतात. जाणत्या माणसांना हे चक्र ठाऊक होते, आणि जिल्हा परिषदेने आसाम सरकारला आगाऊ इशारा देऊन मदतही मागितली होती. सरकारने तिकडे कानाडोळा केला. १९५९ मध्ये दुष्काळ पडला, आसामची तेव्हाची राजधानी शिलाँग इथून आलेली मदत अपुरी ठरली, तेव्हा मिझो तरुणांनी स्वतःच दुष्काळ निवारणाची आघाडी उभारून रस्ते नसलेल्या गावांपर्यंत तांदूळ पोहोचवला. या कामातून पुढे आलेले लालडेंगा हे पूर्वी सैन्यात नोकरी केलेले गृहस्थ होते. लोक उपाशी असतानाच, १९६० मध्ये, आसाम विधानसभेने असमिया ही राज्यभाषा ठरवणारा कायदा केला. ऑक्टोबर १९६१ मध्ये लालडेंगांच्या नेतृत्वाखाली त्या मदत आघाडीचे रूपांतर मिझो नॅशनल फ्रंट या राजकीय पक्षात झाले आणि स्वतंत्र देशाची मागणी पुढे आली. फुटीरतेच्या मुळाशी नेहमी परकी हात शोधणाऱ्यांनी हा क्रम एकदा नीट पाहावा. परकी मदत मिझो बंडखोरांना मिळाली हे खरे आहे, पूर्व पाकिस्तानात त्यांचे तळ होते. पण ज्या रागाला ती मदत मिळाली तो राग इथल्याच सरकारी बेफिकिरीतून जन्मला होता.

मार्च १९६६ च्या पहिल्या दिवशी फ्रंटने स्वातंत्र्य घोषित केले आणि सशस्त्र उठाव झाला. ५ मार्चला भारतीय हवाई दलाच्या विमानांनी जिल्ह्याचे मुख्य शहर (आजची राजधानी) ऐजॉलवर हल्ला चढवला. फ्रंटवर बंदी आलीच. पुढच्या वर्षापासून डोंगरांत विखुरलेली गावे उठवून, लोकांना रस्त्याकडेच्या कुंपणबंद वसाहतींत आणून ठेवण्यात आले, जेणेकरून बंडखोरांना अन्न आणि आसरा मिळू नये. रिकामी झालेली गावे जाळली गेली. दिवसभर झूम शेतावर राबणाऱ्या माणसाला सकाळी फाटकावर नाव नोंदवून बाहेर पडायचे आणि अंधार पडण्याआधी परत यायचे, असा नियम झाला. शेत लांब, वेळ अपुरा, त्यामुळे पिके घटली आणि स्वतःचे भात पिकवणारी कुटुंबे सरकारी शिध्यावर आली. बंदी, फौज आणि कुंपण हे तिन्ही उपाय एकाच वेळी चालू होते, तरी बंड वीस वर्षे संपले नाही.

ते संपले ३० जून १९८६ रोजी, दिल्लीत, कागदावर सही करून. मराठी वाचकांना आवर्जून सांगावीशी गोष्ट ही की भारत सरकारच्या वतीने ती सही केली राम प्रधान यांनी. महाराष्ट्रातून प्रशासकीय सेवेत गेलेले, संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांचे खासगी सचिव राहिलेले प्रधान तेव्हा केंद्रीय गृहसचिव होते आणि तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. आदल्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९८५ च्या आसाम करारावरही विद्यार्थी संघटनेच्या नेत्यांसोबत त्यांची सही आहे. मिझो करारानुसार फ्रंटने शस्त्रे खाली ठेवली, आपली घटना बदलून भारतीय संविधानाची चौकट मान्य केली. मिझोरामला पूर्ण राज्याचा दर्जा मिळाला आणि संविधानात अनुच्छेद ३७१ जी आला. मिझो लोकांच्या धार्मिक व सामाजिक रूढी, त्यांचा परंपरागत कायदा, जमिनीची मालकी आणि हस्तांतरण या विषयांवरचा संसदेचा कायदा तिथल्या विधानसभेने ठराव केल्याशिवाय त्या राज्याला लागू होत नाही, असे हे अनुच्छेद सांगते. काँग्रेसचे मुख्यमंत्री लालथनहवला यांनी आपली खुर्ची लालडेंगांसाठी मोकळी केली आणि स्वतः उपमुख्यमंत्री झाले. आजच्या राजकारणात हे वाचताना मन भरून येते. लालडेंगांबरोबर जंगलात राहिलेले झोरामथंगा पुढे तीन वेळा निवडून येऊन मुख्यमंत्री झाले, आणि २०२३ मध्ये मतदारांनी त्यांना घरी बसवले तेव्हा ते शांतपणे पायउतार झाले. ज्या संघटनेला चिरडायला निघालो होतो तिलाच निवडणुकीत हरण्याची सवय लागली, यापेक्षा देशाच्या एकात्मतेचा मोठा पुरावा मला तरी दुसरा दिसत नाही.

बंदीची मागणी करणाऱ्या मराठी वाचकांना मला एक सरळ प्रश्न विचारायचा आहे. तो नियम बेळगाव, निपाणीकडे काम करणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीला लावायचा का? १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव साजरा होत असताना ही समिती काळा दिन पाळते, मराठीत कागदपत्रे आणि फलक मागते, आणि तिकडच्या अनेकांना ती फुटीर वाटते. आपल्याला ती तशी वाटत नाही, कारण तिचे गाऱ्हाणे आपल्याला कळते. संयुक्त महाराष्ट्राची मागणीही एकेकाळी राष्ट्रहिताच्या आड येणारी मानली गेली होती. केवळ भाषेच्या पायावर प्रांत करणे देशाच्या व्यापक हिताचे नाही, असा अहवाल दार आयोगाने १९४८ मध्येच दिला होता. १ मे १९६० नंतर महाराष्ट्र भारतापासून तसूभरही दूर गेला नाही. आपल्याला जो न्याय हवा तो ईशान्येतल्या ब्रू, बोडो, कुकी किंवा मैतेई माणसाला नाकारायचा असेल, तर आपण एकात्मता मागत नसून फक्त आपल्या सोयीची शांतता मागत आहोत.

तथापि या संघटनांची बाजू मांडताना त्यांचे दोष झाकणे मला पटत नाही, आणि इथेही मिझोरामचेच उदाहरण पुढे येते. १९३५ मध्ये स्थापन झालेली यंग मिझो असोसिएशन ही तिथली सर्वांत मोठी सामाजिक संघटना आहे. गावात कोणी वारले की तिचे तरुण न सांगता जमतात, कबर खणतात, रात्रभर घरच्यांसोबत बसून गाणी म्हणतात. या कामाचे पैसे कोणी घेत नाही. २०२३ मध्ये मणिपूरमधून जीव वाचवून आलेल्या हजारो कुकी-झो कुटुंबांना आसरा देण्यात हीच संघटना पुढे होती. मात्र मिझोराममधल्याच अल्पसंख्य ब्रू लोकांनी १९९७ मध्ये स्वायत्त जिल्हा परिषद मागितली, तेव्हा मिझो संघटनांनी तिला कडाडून विरोध केला. ब्रू अतिरेक्यांकडून एका वनरक्षकाची हत्या झाल्यावर वातावरण इतके बिघडले की हजारो ब्रू कुटुंबे त्रिपुरातल्या छावण्यांत पळाली. तिथे त्यांची दोन पिढ्यांची मुले वाढली, आणि जानेवारी २०२० च्या करारानुसार सुमारे ३४ हजार लोकांना त्रिपुरातच कायमचे वसवण्याचे ठरले. शिलाँगपुढे जे मागणे मिझोंना न्याय्य वाटले होते, तेच ब्रूंनी ऐजॉलपुढे ठेवल्यावर ते राज्यद्रोहासारखे दिसू लागले. मला याचे मनापासून दुःख होते, कारण अन्याय सोसलेला समाज तरी दुसऱ्याचे गाऱ्हाणे ओळखील अशी आपली अपेक्षा असते.

तेव्हा संघटना कोणत्या समाजाची आहे हे पाहण्यापेक्षा ती हातात शस्त्र घेते का, संविधान मानते का, आणि आपल्याहून लहान समाजाशी कशी वागते, हे पाहिले पाहिजे. यातल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी पुरेसे कायदे आहेत. तिसरीसाठी कायदा अपुरा पडतो, तिथे राज्य सरकारने आणि वृत्तपत्रांनी लक्ष घालायला हवे.

मणिपूरमध्ये ३ मे २०२३ पासून मैतेई आणि कुकी-झो समाजांतल्या संघर्षात अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली, शस्त्रागारांतून हजारो बंदुका लुटल्या गेल्या, आणि मैतेईंचे खोरे व कुकी-झोंचे डोंगर यांच्यामध्ये माणसांचे जाणेयेणे तुटले. तिथल्या दोन्ही बाजूंच्या संघटनांवर बंदी घालून हे जाणेयेणे सुरू होणार नाही. १९८६ मध्ये शस्त्रे खाली ठेवण्याची अट आणि राजकीय हक्कांचे आश्वासन एकाच करारात होते. मैतेई, कुकी-झो आणि नागा प्रतिनिधींना एकत्र बसवून केंद्राने पुन्हा तीच पद्धत अवलंबावी. आणि आपल्या वृत्तपत्राने तिथे गोळीबार नसतानाही बातमीदार पाठवावा, निर्वासितांच्या छावण्यांतून लिहावे, दोन्ही समाजांतल्या माणसांची गाऱ्हाणी त्यांच्याच तोंडून आमच्यापर्यंत आणावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर