जी-वनच्या बातमीत गुणतक्ता हवा

संपादक महोदय,

जपानच्या ‘जी-वन क्लायमॅक्स’ या व्यावसायिक कुस्तीच्या साखळी स्पर्धेची बातमी मराठीत आलीच, तर अंतिम लढत कोण जिंकला एवढ्यावर संपते. निकाल आधीच ठरलेले, मग गुणतक्ता कशाला, असा विचार त्यामागे असावा. पण निकाल ठरवणारी मंडळी गुणांच्या गणितावरच अख्खी स्पर्धा रचतात. ते गणित गाळले की सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

विजयाला 2 गुण, बरोबरीला 1. दहा जणांच्या गटात प्रत्येकाच्या 9 लढती, म्हणजे जास्तीत जास्त 18 गुण. दोघांचे गुण सारखे झाले तर नेट रनरेटची भानगड नाही. आपसांतली लढत जिंकलेला वर जातो. 2018 ची ‘अ’ गटाची शेवटची रात्र पाहा. हिरोशी तानाहाशी 14 गुणांवर, काझुचिका ओकाडा 12 वर, आणि लढत या दोघांचीच. ओकाडा जिंकला असता तर 14-14 होऊन तोच पुढे गेला असता. तानाहाशीला मात्र हरायचे नव्हते, एवढेच. 30 मिनिटांची मुदत संपली, लढत बरोबरीत सुटली आणि तानाहाशी 15 गुणांनी अंतिम फेरीत गेला. तक्ता समोर नसेल तर ही रात्र नुसती ‘अनिर्णित’ वाटते.

खरा घोळ दुखापतीने होतो. माघार घेतलेल्या मल्लाच्या उरलेल्या प्रतिस्पर्ध्यांना न लढता 2 गुण मिळतात. 2021 मध्ये तेत्सुया नाइतो पहिली लढत हरून गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर पडला. त्याला हरवणाऱ्या झॅक सेबर ज्युनियरसकट नऊही जणांच्या खात्यात 2 गुण पडले, त्यामुळे चुरस होती तशीच राहिली. हीच माघार चार विजयांनंतर घडली असती, तर त्याच्याकडून हरलेले चौघे कोरडे आणि बाकीच्यांना फुकटचे गुण!

गटाचा आकारही महत्त्वाचा. 2022 मध्ये सात-सातचे चार गट होते. विषम संख्येमुळे प्रत्येक फेरीत एकाला बसावे लागते. 2023 मध्ये 32 मल्ल, आठ-आठचे चार गट आणि साखळी लढतींची मुदत 20 मिनिटांवर आणलेली. साखळीच्याच 112 लढती झाल्या. एवढा हिशेब लक्षात कोण ठेवणार? 2024 पासून पुन्हा 20 मल्ल आले, हे बरे झाले. मात्र प्रत्येक गटातून तिघांना पुढे नेण्याची तेव्हाची पद्धत आमच्या मते शेवटच्या रात्रीची धार बोथट करते.

साखळीची ताकद 1991 च्या पहिल्याच स्पर्धेत दिसली होती. आठ मल्ल, चार-चारचे दोन गट, आणि रिकी चोशूसारखा दिग्गज तिन्ही लढती हरला! बाद पद्धतीत तो एकदाच हरून घरी गेला असता. मासाहिरो चोनो आणि शिन्या हाशिमोतो यांची आपसांतली लढतही बरोबरीत सुटून गुण सारखे झाल्याने त्यांची जादा लढत लावली गेली. ती जिंकून चोनोने त्याच दिवशी अंतिम लढतीत केइजी मुतोला हरवले.

आणखी एक. ही स्पर्धा जिंकणारा ‘जगज्जेता’ ठरत नाही. त्याला जगज्जेतेपदाच्या किताबासाठी लढण्याची संधी मिळते. बराच काळ ही संधी 4 जानेवारीला टोकियो डोममध्ये मिळत असे, आणि तीही मधल्या काळात पणाला लागू शके. 2020 मध्ये कोता इबुशीने ती जे व्हाइटकडे गमावली होती.

तेव्हा निदान साखळीच्या शेवटच्या आठवड्यात तरी दोन्ही गटांचा तक्ता द्यावा, आणि कोणाची कोणाशी लढत बाकी आहे तेही. एका कॉलमात मावेल.

– कुस्तीप्रेमी वाचक, कोल्हापूर