पाणी पाच सेकंदांत तापत नाही : पाटणच्या वायरमनदादांस

आदरणीय वायरमनदादा,

स. न. वि. वि.

तुम्ही आमच्या गाडीच्या वायरिंगचा दोष शोधून दिलात, तेव्हा तुमचं नाव लिहू का, असं निघताना विचारलं होतं. तुम्ही हात हलवून नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण माझ्यासारखे खूप जण बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभे असतात. तुमच्या मुलीने हे तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावं, ही विनंती.

मी चिपळूणची. आईला दर महिन्याला कराडला तपासणीला न्यावं लागतं. नंबर लवकर लागावा म्हणून पहाटे साडेचारला निघतो. पोफळी गेली की कुंभार्ली घाट, वर हेळवाक, मग कोयनेच्या कडेकडेने पाटण. त्या दिवशी पाऊस होता. घाटाच्या मध्यावर तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकला आणि माथ्याजवळ पोचेपर्यंत जवळजवळ लाल रेषेला टेकला. आई मागे शाल गुंडाळून बसली होती. तिला कळू नये म्हणून मी काही बोलले नाही, हीटर पूर्ण सोडला, काचा खाली केल्या आणि हेळवाकला चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली. टपरीवाल्या भाऊंनी रेडिएटरचं झाकण उघडू दिलं नाही. अर्धा तास बसवलं आणि तुमचा पत्ता सांगितला.

हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. वर्षभर हेच चाललं होतं. एका गॅरेजने काट्याचा सेन्सर बदलला, दोन महिन्यांनी तोच पुन्हा बदलला. दुसरीकडे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) बदललं आणि थर्मोस्टॅटचा वॉल (इंजिन तापेपर्यंत ते पाणी अडवणारी झडप) काढूनच टाकला, म्हणजे पाणी सतत फिरत राहील. मधेच रेडिएटरचा पंखा लागेनासा झाला, तेव्हा एकाने तो डायरेक्ट करून दिला, चावी फिरवली की पंखा सुरू. तरीही पहाटे घाटात काटा वरच. शेवटच्या ठिकाणी सांगितलं की पंखा सतत चालू असून गाडी गरम होते म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनच्या दोन भागांमधलं सील, गेलं, इंजिन उघडावं लागेल, अठ्ठावीस हजार. मी पैसे जमवायला लागले होते, दादा. आईच्या औषधांच्या पैशांतून.

तुमच्या पत्र्याच्या शेडसमोर गाडी लावली तेव्हा आठ वाजले होते, उजाडून बराच वेळ झाला होता आणि काटा पुन्हा खाली आला होता. मला वाटलं इंजिन थंड झालं. तुम्ही बॉनेटला हातही न लावता विचारलंत, ‘‘ताई, काटा रात्री चढतो का दिवसा?’’

वर्षभरात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी आठवायला लागले. पहाटे जाताना. संध्याकाळी उशिरा परतताना. मे महिन्यात भर दुपारी रत्नागिरीला गेलो तेव्हा काटा हलला नव्हता. गॅरेजवाले गाडी फिरवून बघायचे तेही दिवसाच, म्हणून त्यांना कधी काही सापडलंच नाही.

तुम्ही इंजिन सुरू करायला सांगितलंत. मग हेडलाइट, मग ब्लोअर चारवर, मग वायपर. प्रत्येक बटणासरशी काटा एकेक पायरी चढला. बंद केलं की उतरला. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, ‘‘पाणी पाच सेकंदांत तापत नाही, ताई.’’

त्या एका वाक्याने वर्षभराची भीती खाली बसली, हे मला तुम्हाला सांगायचं होतं. त्या वेळी सांगता आलं नाही, घसा दाटला होता.

त्यानंतर तुम्ही इंजिनच्या कंप्यूटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनर लावलात. काटा पाऊण रेषेच्या वर असताना इंजिनच्या कंप्यूटरला पाणी 84 अंशांचं दिसत होतं. तुम्ही समजावलंत की माझ्या गाडीत दोन वेगळे सेन्सर आहेत. एक दोन वायरींचा, तो कंप्यूटरसाठी. त्याची परतीची वायर थेट कंप्यूटरकडेच जाते. दुसरा एका वायरीचा, फक्त काट्यासाठी, आणि त्याचा अर्थ, म्हणजे अर्थिंग, करंट बॅटरीकडे परत जायची वाट, इंजिनच्या धातूतूनच मिळते. दोन्हींचं काम एकच, पाणी तापलं की आतला रोध कमी होतो. पण काट्याच्या मीटरचा अर्थ गाडीच्या बॉडीवर आणि त्याच्या सेन्सरचा अर्थ इंजिनवर. बॉडी आणि इंजिन यांच्यातला जोड खराब झाला की दोन्हींत व्होल्टचा फरक पडतो, आणि मीटर तो फरक उष्णता म्हणून दाखवतो. जितके दिवे लावाल तितका करंट त्या खराब जोडातून जाणार आणि तितका फरक वाढणार.

व्होल्ट मोजायच्या मीटरच्या पिना तुम्ही माझ्याच हातात दिल्यात. काळी इंजिनवर, लाल बॉडीच्या बोल्टवर. सगळे दिवे लावल्यावर आकडा आला 0.9 व्होल्ट. ‘‘इथे 0.2 च्या वर गेलं की मी वायर शोधायला लागतो,’’ असं तुम्ही म्हणालात. मग जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं बॉडीला चिमटलंत. काटा माझ्या डोळ्यांदेखत खाली आला आणि हेडलाइट पिवळट होते ते पांढरे झाले. दिवे जुने झालेत म्हणून मी ते बदलायचे ठरवलं होतं, तेही यातलंच निघालं. आणि डायरेक्ट केलेल्या पंख्याचा उलगडाही तिथेच झाला. तो पंखाच दहा अँपिअर ओढत होता, त्याच खराब जोडातून. म्हणजे गाडी थंड ठेवायला लावलेला पंखा काटा आणखी वर ढकलत होता, आणि त्यावरून निदान झालं होतं हेड गॅस्केटचं.

बॅटरीखालची अर्थची केबल तुम्ही सोडवून दाखवलीत. वरून चांगली, काळी, कुठे चीर नाही. लगजवळ, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीजवळ, कव्हर सोललं तर आत हिरवी पूड. तुम्ही विचारलंत, ‘‘पुरात होती का गाडी?’’ होती. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या आळीत शिरलं तेव्हा गाडी दारात उभी होती, सीटपर्यंत पाणी चढलं होतं. नंतर ऑइल बदललं, सीट वाळवल्या, इंजिन लागलं, आम्ही देवाचे आभार मानले. केबलच्या कव्हरखाली शिरलेलं पाणी तारांच्या मधून आत आत चढत जातं आणि तांबं वर्षानुवर्षं खात राहतं, हे तुम्ही सांगेपर्यंत माहीत नव्हतं. चिपळूणच्या ज्या कुणाच्या गाड्या त्या पुरात होत्या त्यांनी एकदा बॉडीचा अर्थ मोजून घ्यावा. दोन मिनिटांचं काम आहे.

तुम्ही घड्याळ बघितलंत, आईकडे बघितलंत आणि म्हणालात, ‘‘मावशींचा नंबर चुकायला नको. अर्थ नवीन करून देतो, पंख्याचं संध्याकाळी बघू. आत्ता डायरेक्ट आहे तो राहू दे.’’ हातातली रिक्षा बाजूला ठेवून जाड केबल कापलीत, लग दाबून बसवलेत, बॉडीवरचा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासलात, वर ग्रीस लावलंत. पुन्हा मोजलं तर 0.05. आम्ही साडेअकराला कराडला पोचलो. आईला डॉक्टरांनी पाहिलं. ज्यांची रिक्षा होती त्या दादांनाही माझा नमस्कार सांगा, ते एका शब्दाने कुरकुरले नाहीत.

संध्याकाळचं काम जास्त किचकट होतं आणि तिथे तुम्ही जे केलंत ते मी अजून मनात घोळवते. डायरेक्टची वायर काढलीत. एसी लावला तरी पंखा लागेना. एसी लावला की पंखा लागलाच पाहिजे, पाणी थंड असलं तरी, म्हणजे सेन्सरवर संशय घेण्यात अर्थ नाही, असं म्हणालात. रिले, पंख्याला करंट सोडणारा स्विच, टक् करत होता, तरी हॉर्नचा त्याच नंबरचा रिले घालून पाहिलात. फरक नाही. पंख्याच्या सॉकेटवर मीटर 12 व्होल्ट दाखवत होता. मी म्हटलं, मग करंट येतोय की! तुम्ही हेडलाइटचा जुना बल्ब त्याच सॉकेटला लावलात आणि तो नुसता लालसरही झाला नाही. मीटरला नावापुरता करंट पुरतो, एखादा धागा जोडलेला असला तरी आकडा पूर्ण दिसतो. बल्बला, पंख्याला खरा करंट लागतो. तसं मागे मागे शोधत तुम्ही फ्यूज बॉक्समध्ये आलात आणि रिलेच्या बैठकीत सैल झालेली, तापून तपकिरी पडलेली एक पट्टी सापडली. ती बदललीत. गाडी उभ्यावर चालू ठेवली, स्कॅनरवर आकडा 96 वर गेला आणि पंखा आपोआप लागला, 91 ला बंद झाला. तुम्ही तीन वेळा तसं होईपर्यंत थांबलात. मी निघते म्हणाले तेव्हाही म्हणालात, तीनदा बघू द्या.

हेड गॅस्केटची शंका तुम्ही सकाळीच काढली होती. इंजिन निवल्यावर झाकण उघडून बुडबुडे येत नाहीत, ऑइल दुधाळ नाही, बाटलीतली पातळी उतरलेली नाही, हे सगळं मला दाखवून. पण त्याच वेळी एक गोष्ट बजावलीत, ती इथे मुद्दाम लिहिते. काटा खोटा निघाला म्हणून पुढे कधी त्याच्याकडे काणाडोळा करायचा नाही. कूलंट कमी झालं तर सेन्सर पाण्याऐवजी वाफेत राहतो, काटा खाली दिसतो आणि इंजिन आत जळत असतं. तेव्हा काटा अचानक पडला तरी थांबायचं. आणि झाकण गरम असताना उघडायचं नाहीच, आतलं पाणी दाबामुळे शंभराच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं, झाकण सुटताच ते वाफ होऊन तोंडावर येतं. हेळवाकला मी तेच करणार होते.

थर्मोस्टॅटचा वॉल परत बसवा म्हणालात, तो मी इथे चिपळूणला 82 अंशांचा बसवून घेतला. तो नसल्यामुळे इंजिन सपाटीवर गरमच होत नव्हतं आणि पेट्रोल जास्त जात होतं. लिटरला बारापर्यंत उतरलेली गाडी आता पुन्हा पंधरा देते.

तुम्ही माझ्याकडून सहाशे पन्नास रुपये घेतलेत. मी जास्त पुढे केले तर म्हणालात, केबलचे आणि पट्टीचे झाले, वेळेचेही झाले. ते पैसे मी परत खिशात ठेवले खरे, पण कागदावर एवढं तरी मांडणं मला भाग होतं. तुम्ही काहीही बदलण्याआधी मोजलंत. बाईमाणूस आहे, तिला काय कळणार, असा विचार न करता मीटर माझ्या हातात दिलात. काय करताय ते प्रत्येक वेळी सांगितलंत. हे सगळीकडे मिळत नाही, दादा. मला वर्षभर मिळालं नव्हतं.

परवा पुन्हा कराडला जाऊन आलो. पहाटे निघालो, पाऊस होता, दिवे, वायपर, ब्लोअर सगळं चालू. घाटाच्या माथ्यापर्यंत काटा मध्याच्या खाली होता. हेळवाकला चहाला थांबलो, गाडी चालूच ठेवली. थोड्या वेळाने बॉनेटखाली पंखा घरघरला आणि दोनेक मिनिटांनी थांबला. आई म्हणाली, ‘‘लागला बघ त्यांचा पंखा.’’ आता तो तुमचाच पंखा झालाय आमच्या घरात.

परतताना तुमच्या शेडला कुलूप होतं, शेजारी म्हणाले गावी गेलाय. आईने तुमच्या मुलीसाठी फणसपोळी दिली होती, ती तशीच डब्यात आहे. पुढच्या महिन्यात आठच्या सुमारास येतो.

आपली,
चिपळूणची ताई