पोरांना भांडू द्या

संपादक महोदय, स. न. वि. वि.

आमच्याकडे मालवणात सध्या पोरं ख्रिस्तोफर पाओलिनीच्या 'एरागॉन' या ड्रॅगनच्या कादंबरीवरून तावातावाने भांडतायत आणि ते ऐकून मला खरंच बरं वाटतं. कॉलेजातली म्हणतात सगळं उसनं आहे, ड्रॅगन, एल्फ, म्हातारा गुरू, अनाथ पोरगा, हे आधी कितीदा येऊन गेलंय, वर पानंच्या पानं नुसती वर्णनं. आठवी-नववीतली मात्र एक शब्द ऐकून घेत नाहीत. मला विचाराल तर उसनेपणाचा आरोप बराचसा खरा आहे, पण लिहायला घेतलं तेव्हा पाओलिनी १५ वर्षांचा होता, २००२ ला पुस्तक घरच्यांनीच छापलं, २००३ ला मोठ्या प्रकाशकाने उचललं, हे विसरून कसं चालेल? आणि सुरुवात बघा ना, जंगलात सापडलेला निळा दगड घेऊन पोरगा खाटकाकडे मटण मागायला जातो, कारण घरात हिवाळ्याची बेगमी नाही, खाटीक नाही म्हणतो, आणि पुढे त्याच दगडातून ड्रॅगन बाहेर येतो! ही भूक काय उसनी नाही वाटत. या मालिकेच्या तिसऱ्या भागात पाओलिनी फार रेंगाळतो, हे मान्य.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत दोन्ही बाजूंच्या पोरांना थोडी जागा द्या, लिहितील ती.

– एक वाचक, मालवण