पिंपरी-चिंचवडने एकाच धंद्यावर किती काळ विसंबायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पिंपरी-चिंचवडच्या वाढीविषयी बोलताना मेट्रो, पाणी आणि घरांचे भाव यांची चर्चा होते. ज्या एका धंद्यावर हे शहर पोसले गेले, त्या वाहनउद्योगाने शहराला कोणते वळण लावले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. भोसरीतील एका गाळ्यात तीस वर्षे दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन चालवून निवृत्त झालेला लघुउद्योजक या नात्याने त्याविषयी लिहितो आहे.

या शहराच्या कारखानदारीची सुरुवात वाहनांनी झाली नव्हती. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली ती पेनिसिलिन बनवण्यासाठी. पुढे १९६२ मध्ये एमआयडीसी आली आणि आकुर्डीची स्कूटर व पिंपरीचे ट्रक यांनी सारा परिसर व्यापला. मोठा कारखाना, त्याला जोडणीचे भाग पुरवणारा व्हेंडर, त्या व्हेंडरचे जॉब वर्क करणारा छोटा कारखानदार आणि त्याच्यासाठी एखादाच बुश किंवा पिन वळून देणारा माझ्यासारखा गाळेवाला, अशी एक उतरंडच येथे उभी राहिली. मराठवाड्यातून किंवा खानदेशातून आयटीआय करून आलेल्या मुलाला तिच्यात कुठे ना कुठे काम मिळत असे, हे तिचे ऋण नाकारता येणार नाही. १९९१ च्या जनगणनेत पाच लाखांच्या थोडी पुढे असलेली येथील लोकसंख्या २०११ मध्ये सव्वासतरा लाखांवर गेली, त्यामागे ही उतरंड मोठ्या प्रमाणात आहे.

पण उतरंडीतले सगळ्यात खालचे मडके आधी फुटते. ऑगस्ट २०१९ मध्ये देशातील प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून अधिक घटली. मोठे कारखाने ‘ब्लॉक क्लोजर’ घेतात, म्हणजे मागणी नसल्याने काही दिवस उत्पादन बंद ठेवतात, तेव्हा कायम कामगाराच्या पगाराची काही ना काही सोय होते, कंत्राटी कामगाराला घरी बसावे लागते आणि गाळेवाल्याला ‘या महिन्यात शेड्यूल नाही’, म्हणजे मालाची मागणी नाही, एवढा एक फोन येतो. टेम्पोवाला, खाणावळवाली मावशी, खोल्या भाड्याने देणारा गावकरी या सगळ्यांना त्याच आठवड्यात झळ बसते, कारण अखेरचे गिऱ्हाईक सगळ्यांचे एकच असते. यात माझीही चूक होती. शेतीपंपाच्या एका पार्टीचे काम हाताशी आले असताना स्कूटरचे शेड्यूल भरले आहे म्हणून मी ते परत पाठवले होते.

महापालिकेनेही वेगळे काय केले? कारखान्यात येणारे पोलाद आणि यंत्रे जकात नाक्यावर पैसे मोजून आत येत आणि त्या जकातीच्या जोरावर ‘आशियातील सर्वांत श्रीमंत महापालिका’ हे बिरुद आपण मिरवले. उत्पन्नाची दुसरी वाट शोधण्याची तेव्हा कोणाला गरज वाटली नाही. एप्रिल २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला आणि २०१७ मध्ये जीएसटी. आज महापालिकेचे स्वतःचे उत्पन्न मुख्यतः मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचे शुल्क यांतून येते. म्हणजे पूर्वी कारखान्यावर विसंबलेले शहर आता इमारतींवर विसंबले आहे. औद्योगिक विभागातील खासगी जमिनी निवासी करण्याला येथे सगळे ‘आय टू आर’ म्हणतात आणि ते अगदी सहज, मुलाचे नाव ठेवावे तसे बोलतात. कारखाना बंद पडण्यापेक्षा मला याची अधिक धास्ती वाटते, कारण बंद शेडमध्ये उद्या दुसरा धंदा सुरू होऊ शकतो, बारा मजली सोसायटीत मात्र होऊ शकत नाही.

हिंजवडीच्या आयटीमुळे शहराला दुसरा पाय मिळाला, असे सांगितले जाते. घरांना गिऱ्हाईक मिळाले हे खरे; पण पंचेचाळिशीच्या टर्नरला तिकडे कोणते काम मिळणार? शिवाय तोही एकच धंदा.

आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील उत्पादन २००७ मध्ये थांबले. त्याच आकुर्डीत २०२२ मध्ये विजेवर चालणाऱ्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला, तेव्हा जुने नाव परत आल्याचा आनंद मलाही झाला. मात्र या चेतकला पिस्टन नाही, क्लच नाही, कार्ब्युरेटर नाही आणि किक नाही. ज्या किक शाफ्टच्या बुशवर माझ्या दोन मुलींची शिक्षणे झाली, तो बुशही अर्थातच नाही. वाहनउद्योग शहरात राहिला तरी उतरंडीतल्या खालच्या माणसाचे काम राहीलच, असे आता धरून चालता येणार नाही.

भोसरीच्या कारागिराचे कसब वाहनापुरते मुळीच नाही. शस्त्रक्रियेची उपकरणे, शेतीची अवजारे, अन्नप्रक्रियेची यंत्रे, संरक्षणसामग्रीचे भाग ही सगळी कामे त्याच लेथवर होतात. अडचण येते ती परवडणारी जागा, मोजमाप-तपासणीची सोय आणि नव्या पार्टीपर्यंतची पोच या तीन गोष्टींची. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीत चार हजारांहून अधिक बांधकामे पाडण्यात आली. ती अनधिकृत होती हे मान्य. परंतु त्यांतील छोट्या कारखानदारांना त्याच शहरात अधिकृत गाळा कुठे आणि किती भाड्याने मिळणार होता, हे कारवाईपूर्वी कोणी सांगितल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

आपल्या भागाला कौतुकाने ‘भारताचे डेट्रॉइट’ म्हणतात. चेन्नईवालेही स्वतःला तेच म्हणवतात. पण मोटारींच्या एकाच धंद्यावर वाढलेल्या, १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्ती असलेल्या अमेरिकेतील मूळ डेट्रॉइट शहरात २०२० मध्ये साडेसहा लाखांहूनही कमी लोक उरले होते आणि आपली जकात गेली त्याच वर्षी, २०१३ मध्ये, तेथील महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. हे नाव आपण कौतुकाने घ्यावे याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

शहराच्या विकास आराखड्यात उद्याने, रस्ते, शाळा यांची आरक्षणे असतात. त्याच पद्धतीने लघुउद्योगांच्या बहुमजली गाळ्यांसाठी जमीन आरक्षित करावी, ‘आय टू आर’ची परवानगी देताना ठरावीक जागा अशा गाळ्यांसाठी सोडण्याची सक्ती करावी आणि त्यांचे भाडे महापालिकेने ठरवावे, अशी माझी मागणी आहे. लोकप्रतिनिधींनी आणि आयुक्तांनी आपल्या दैनिकातून या मागणीला उत्तर दिले, तर भोसरीतील अनेक गाळेवाले ते लक्षपूर्वक वाचतील.

आपला,
एक निवृत्त लघुउद्योजक, भोसरी