पाइप गच्चीवर फुटला आणि दावा फॉल्स सीलिंगमुळे नाकारला

प्रति,
प्रमुख, दावे विभाग

विषय : सदाशिव पेठेतील घराचा 'भारत गृह रक्षा' पॉलिसीखालील दावा नाकारल्याबाबत

आजही तुमच्या कॉल सेंटरने "केस क्लोज झालीय" एवढंच सांगून फोन ठेवला, म्हणून लेखी देते आहे.

गच्चीवरच्या टाकीचा जुना लोखंडी पाइप एल्बोजवळ फुटला. रात्रभर पाणी स्लॅबमधून झिरपत राहिलं. खालच्या भाडेकरूच्या खोलीचं प्लास्टर सुटलं, वायरिंग गेलं, भिंती फुगल्या. टाक्या-पाइप फुटून झालेलं नुकसान या पॉलिसीत येतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. तरी तुमच्या पत्रात कारण काय, तर 'भाडेकरूने केलेल्या बदलांची सूचना दिली नाही.' बदल म्हणजे फॉल्स सीलिंग आणि एसी.

तुमच्या अटीत घराच्या मूळ बांधकामात फेरफार केला तर कळवा, असं आहे. स्क्रूवर टांगलेलं जिप्सम बोर्ड हे मूळ बांधकाम कसं? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम १६ काढून बघा; मालकाला भाडेकरूकडून घर कधी परत घेता येतं, ते त्यात आहे. फॉल्स सीलिंग, एसी, लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा यांना त्यातल्या स्पष्टीकरणाने 'कायमचं बांधकाम' धरलेलंच नाही. ज्या कामासाठी मी भाडेकरूला घर सोडायला सांगू शकत नाही, त्याच कामासाठी तुम्ही माझा दावा फेटाळता!

आणि सीलिंगने पाइप फोडला का? तुमचे सर्व्हेअर आले, खाली पडलेल्या तुकड्यांचे फोटो काढले आणि निघाले. गच्चीवर चला म्हटलं, तर "गरज नाही." फुटलेला पाइप मी जपून ठेवलाय. बोट जाईल एवढी चीर आहे, कडा गंजून पापडासारख्या झाल्यात. तो बघायलाच कोणी तयार नाही.

मागच्या फोनवर तुमच्या अधिकाऱ्याला हेच सांगत होते. तो मध्येच म्हणाला, "आजी, घरातल्या जेन्ट्सना फोन द्या." मी म्हटलं, पॉलिसी माझ्या नावावर आहे, हप्ता मी भरते, बोला. तर म्हणे, "तुम्हाला टेक्निकल कळणार नाही." मी कलम वाचायला लागले तर तिकडे हसण्याचा आवाज आला. मग म्हणाला, "एवढं आहे तर भाडेकरूकडून वसूल करा." का करू? पाइप माझ्या इमारतीचा. त्याच कायद्याच्या कलम १४ ने दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. भाडेकरूच्या गाद्या आणि कपाट भिजलं, त्याचे पैसे मी तुमच्याकडे मागितलेले नाहीत, ते या पॉलिसीत येत नाहीत. मी इमारतीचं नुकसान मागते आहे. फक्त इमारतीचं.

दावा पुन्हा उघडा, दुसरा सर्व्हेअर पाठवा, आणि त्याला गच्चीवर चढायला सांगा. फोनवरच्या त्या बोलण्याबद्दल लेखी माफी हवी. रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे, ऐका.

महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकारच आला, तर मी पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात आणि वकीलही लागत नाही. विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार आजच टाकते आहे.

यजमान होते तेव्हापासून गाडीचा विमाही तुमच्याकडेच आहे. यंदा त्याचं नूतनीकरण करणार नाही.

विमाधारक व घरमालक
सोबत : नकारपत्राची प्रत, फुटलेल्या पाइपचे फोटो, प्लंबरचं बिल