क्योटो एका दिवसात उरकू नका

मा. संपादक,
स. न.

सुट्ट्या जवळ आल्या की जपानच्या सहलींच्या जाहिराती सुरू होतात आणि त्यांत क्योटोच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो: सकाळी किंकाकुजीचे सोनेरी मंदिर, दुपारी अराशियामाचे बांबूबन, संध्याकाळी फुशिमी इनारीचे देवस्थान. नकाशा उघडला की गोम कळते. किंकाकुजी शहराच्या वायव्येला, अराशियामा पश्चिमेच्या टोकाला आणि इनारी आग्नेयेला. असा दिवस मंदिरांत कमी आणि बसमध्ये जास्त जातो. निदान दोन पूर्ण दिवस ठेवावेत आणि एका दिवसात शहराची एकच बाजू पाहावी.

पूर्वेची सुरुवात कियोमिझु-देरा मंदिरापासून करावी. बहुतेक मंदिरे साडेआठ-नऊला उघडतात, हे सकाळी सहाला उघडते. १६३३ साली उभारलेला, सुमारे १३ मीटर उंचीचा लाकडी सज्जा निवांत पाहायचा तर आठच्या आतच. पुढे शाळांच्या सहली येऊन थडकतात. तिथून सान्नेनझाका आणि निनेनझाका हे दगडी पायऱ्यांचे उतार उतरत गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीकडे यावे. त्या वेळी दुकाने बंद असतात, त्यामुळे खरेदीवाल्यांची निराशा होईल, पण रस्ता दिसेल तो तेव्हाच. गिओनमधल्या खासगी गल्ल्यांत पर्यटकांना २०२४ पासून मज्जाव आहे. १०,००० येन दंडाच्या पाट्या लावल्या आहेत, त्या वाचाव्यात.

इनारी मात्र संध्याकाळी करावे. तिथे तिकीट नाही आणि दार चोवीस तास उघडे. क्योटो स्टेशनहून जेआरच्या (जपान रेल्वेच्या) नारा लाइनचे इनारी हे दुसरेच स्टेशन, पण तिथे फक्त लोकल थांबते. घाईत रॅपिड म्हणजे जलद गाडीत चढणारे थेट पुढच्या उजी गावाच्या वाटेला लागतात. तोरीच्या, म्हणजे देवस्थानाच्या लाल कमानींखाली पहिल्या टप्प्यातच सगळे फोटोसाठी अडून राहतात. अर्धा-पाऊण तास चढून योत्सुत्सुजीच्या चौकापर्यंत गेले, की गर्दी विरळ होते आणि खाली शहराचे दिवे दिसतात. डोंगर फक्त २३३ मीटरचा, पण पूर्ण फेरीला दोन-तीन तास लागतात.

दुसऱ्या दिवशी पश्चिम. जेआरने सागा-अराशियामाला पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येते. बांबूबन सातच्या सुमारास, मग साडेआठला तेन्र्युजी मंदिराची बाग. परतताना त्याच लाइनवर निजो स्टेशनला उतरून निजो किल्ला पाहावा. त्याची शेवटची प्रवेशवेळ चारची असते आणि काही महिन्यांत मंगळवारी त्यातला निनोमारू महाल बंद असतो. आत बूट काढावे लागतात, तेव्हा नाड्यांचे बूट नकोत.

किंकाकुजीला स्टेशनवरून थेट बसने जाणे ही सर्वांत सामान्य चूक. कारासुमा मेट्रोने किताओजीपर्यंत जावे आणि तिथून २०४ किंवा २०५ क्रमांकाची बस धरावी. मधली रहदारी टळते. बसमध्ये मागच्या दाराने चढायचे, पुढच्या दाराने उतरताना २३० येन द्यायचे. पेटीत नेमके पैसे टाकावे लागतात, ती सुटे परत देत नाही, आणि दहा हजारांची नोट तिथे मोडत नाही. इकोका हे आधी पैसे भरून ठेवायचे प्रवासकार्ड असले की हा प्रश्नच मिटतो. जुन्या लेखांत भेटणारा ७०० येनचा बसपास आता बंद झाला आहे. मेट्रो-बसचा एकत्र पास ११०० येनला आहे, पण नुसत्या बसनेच फिरलात तर पाचव्या फेरीला तो वसूल होतो.

परदेशी पर्यटकांसाठीचा सात दिवसांचा जेआर रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून ५०,००० येन झाला. टोकियो-क्योटो नोझोमी या बुलेट ट्रेनचे एका बाजूचे तिकीट साधारण १४,००० येन. म्हणजे नुसत्या जाण्या-येण्यासाठी पास घेणे हा शुद्ध तोटा. या गाडीत बॅगेच्या लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १६० सेंमीपेक्षा जास्त असेल, तर त्यासाठीची ठरावीक सीट आधी आरक्षित करावी लागते. आरक्षणाला जादा पैसे पडत नाहीत, न केल्यास १००० येन मोजावे लागतात. सोपा उपाय म्हणजे हॉटेलच्या काउंटरवरून ताक्क्युबिन या सामान पोहोचवणाऱ्या कुरिअर सेवेने बॅग पुढच्या हॉटेलला पाठवणे आणि रात्रीपुरते कपडे पाठपिशवीत ठेवणे.

आपल्याकडच्या शाळांची सुट्टी आणि जपानचा गोल्डन वीक, म्हणजे एप्रिलअखेर ते ५ मे, एकमेकांवर येतात. त्या आठवड्यात खोल्या महाग आणि गाड्या भरलेल्या, म्हणून ५ मे उलटल्यावर निघावे. दिवाळीच्या सुट्टीत लाल पाने पाहायला जाणाऱ्यांनीही तारीख तपासावी. क्योटोत रंग खरा चढतो तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात.

शाकाहारी मंडळींनी नुसते ‘मांस नको’ सांगून भागत नाही. उदोनच्या (जाड नूडल्सच्या) रश्शात, भाजीत, अगदी सॉसमध्येही सुकवलेल्या बोनिटो माशाचा दाशी म्हणजे अर्क असतो. मंदिरांच्या आसपास मिळणारे शोजिन र्योरी हे भिक्षूंचे जेवण त्यातल्या त्यात भरवशाचे. त्यात परंपरेने कांदा-लसूणही नसतो, मात्र कमळकाकडीसारखे कंद असतात, हे जैन वाचकांनी लक्षात घ्यावे. दुपारच्या वेळेची नोंदणी आदल्या दिवशीच करून ठेवावी, कारण अशा अनेक ठिकाणी स्वयंपाक मोजकाच होतो.

– एक वाचक, पुणे