वितीएवढा सरंगा

मालवण

प्रिय बाळ्या,

पत्र बघून हसशील. पण फोनवर तुझं ‘पटकन बोल’ चालू असतं आणि हे पटकन सांगण्यातलं नाही.

परवा बाजारातून सरंगे, म्हणजे पापलेट, आणले. भाच्याने पिशवीत डोकावून आरोळी ठोकली, “मामा, केदो मोठो सरंगो!” आईने तो उचलून तळव्यावर आडवा ठेवला. तळव्याबाहेर जेमतेम शेपटी राहिली. “ह्येका मोठो म्हणतत?” एवढंच बोलून ती आडाळ्यावर मासे कापायला बसली. मी मात्र ओशाळलो, कारण बाजारात मलाही तो मोठाच वाटला होता. गेल्या महिन्यातल्यापेक्षा मोठा होता ना!

तुझे बाबा वीत लावून सरंगा घ्यायचे, आठवतं? कमी भरला की परत टोपलीत, वर कोळणीच्या शिव्या. आता सरकारने पकडायच्या सरंग्याचा किमान आकार ठरवलाय, १३५ मिलिमीटर. माझी वीत मोजली तर २१ सेंटिमीटर भरली. म्हणजे तुझ्या बाबांनी नाकारलेला सरंगा आज कायद्याने पास, आणि आमच्या घरात कौतुकाचा. त्यात २०२३ साली पापलेट ‘राज्य मासा’ झाला!

डॅनियल पॉली नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ साली हेच लिहून ठेवलंय. मत्स्यशास्त्रज्ञांचीसुद्धा प्रत्येक पिढी आपण कामाला लागलो तेव्हाचा समुद्र भरलेला धरते आणि घट तिथून मोजते. त्याआधीची घट हिशोबातच येत नाही. मोठ्या जाळ्याने अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीनवाल्यांवर, रात्री मासळी खेचणाऱ्या एलईडीच्या दिव्यांवर आपण तावातावाने भांडतो, भांडायलाच हवं. पण आपलं मापही आखडत गेलं, त्याचं काय?

आणि मासळीचं निदान वजन तरी करता येतं. रापणीचं बघ, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून दोरीने ओढायच्या त्या जाळ्याचं. दोरीला हात लावला की वाटा मिळायचा, आपल्यासारख्या पोरांनासुद्धा मूठभर तारल्या, ती छोटी मासळी. शेजारच्या म्हातारीला किनाऱ्यावर येणं जमेना, तरी तिचा वाटा घरी पोचायचा. तो कधी बंद झाला? मला सांगता येत नाही. एका वर्षी मासळी कमी, पुढच्या वर्षी पोरगे मुंबईला, मग ओढायला मजुरीची माणसं. मजुरी दिल्यावर म्हातारीचा वाटा कोण काढणार? कोणी ठरवून तोडलं नाही रे. मी तेव्हा गावातच होतो आणि एकदाही विचारलं नाही.

परवा रापण ओढताना दोरीला अकरा जण होतो. त्यातले चार पर्यटक, फोटो निघाल्यावर सटकले.

तुझ्याकडे तो जुना फोटो असेल, आपण दोघं पुढे, चड्ड्या ओल्या, मागे दोरी. पाठव. मागची माणसं मोजायची आहेत. मी म्हणतो पन्नास असतील, आई म्हणते जास्तच. भाचा म्हणतो, मामा थापा मारतो.

तुझा,
दादू